इंग्लंडचं स्मॉल क्लेम्स कोर्ट: वकील न लावता केलेला दावा, आमचा अनुभव

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यात बाबांना बांधाच्या भांडणापायी सांगलीच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखांना जाताना बघितलेलं, त्यामुळे इकडे इंग्लंडात दावा लावायची वेळ आली तेव्हा पोटात गोळाच आला. पण स्मॉल क्लेम्स म्हणजे छोट्या रकमांचे दावे, त्यात सरकारी वेबसाइटवरून ऑनलाइन क्लेम (दावा) ते जजसमोरची सुनावणी, सगळं मी स्वतः केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झालं असं की शॉवरच्या टाइल्सचं काम एकाला दिलं (नाव लिहीत नाही). सहा आठवड्यांत खालच्या खोलीच्या छताला चहाच्या रंगाचा डाग पडला, रोज थोडा थोडा पसरायचा, आणि बोटाने दाबलं की प्लास्टर भिजलेल्या बिस्किटासारखं आत जायचं. हा माणूस फोनच उचलेना.

मला वाटलेलं डायरेक्ट केस टाकायची. तसं नसतं. इथे लॉर्ड वुल्फ या न्यायाधीशांच्या अहवालातून आलेले सिव्हिल प्रोसिजर रूल्स, म्हणजे दिवाणी दावे चालवायचे नियम, १९९९ पासून लागू आहेत आणि त्यांचा सगळा रोख हाच की कोर्ट शेवटी, आधी एकमेकांशी बोला. म्हणजे आधी रीतसर पत्र पाठवायचं, काय बिघडलं, किती पैसे, कशाचे, आणि साध्या केसमध्ये उत्तराला १४ दिवस द्यायचे. शिवाय २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टप्रमाणे काम नीट केलं नसेल तर तेच काम फुकट परत करून द्या असं आपण सांगू शकतो, ते झालं नाही तर कामाची किंमत कमी करून मागायची. मी पत्रात दोन्ही लिहिलं, ये आणि दुरुस्त कर नाहीतर दावा लावते. उत्तर नाही.

मग क्लेम. १,५०० ते ३,००० पौंडांच्या दाव्याला ११५ पौंड फी लागली, फॉर्म एका रविवारी दुपारी भरून झाला. समोरच्याला उत्तराला १४ दिवस असतात, पण क्लेम मिळाला एवढं कळवलं की ते २८ होतात, आणि त्याने बरोब्बर शेवटच्या दिवशी कळवलं! गप्प बसला असता तर सुनावणीशिवायच आमच्या बाजूने निकाल मागता आला असता.

मे २०२४ पासून अशा पैशाच्या छोट्या दाव्यांना फोनवरची एक तासाची मध्यस्थी सक्तीची झालीये, फुकट असते. मध्यस्थ बाई आधी मला फोन करायच्या मग त्याला, आम्ही दोघं एकमेकांशी बोललोच नाही. फार शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. तो ५०० पौंडांच्या वर येईना म्हणून मिटलं नाही, पण तिथलं बोलणं जजपर्यंत जात नाही हे चांगलंय, मोकळेपणी बोलता येतं.

सुनावणीची तारीख यायला मात्र महिनेच्या महिने गेले, खरंच जीव मेटाकुटीला आला. वर हिअरिंग फी १८१ पौंड. पण तो दिवस मी विसरणार नाही. साधी खोली, लांब टेबल, जजसाहेबांना विग नाही काही नाही, त्यांना नुसतं ‘जज’ म्हणायचं. त्यांनी माझे फोटो तारखेप्रमाणे एकेक करून बघितले, डागाशेजारी मी टेप धरून काढलेले, आणि त्याला विचारलं की टाइल्सच्या मागे वॉटरप्रूफिंग कुठलं वापरलं. त्याला सांगता आलं नाही. केस तिथेच फिरली असं मला वाटतं.

आता महत्त्वाचं. मी २,४८० मागितले होते, मिळाले २,२३०. टाइल्स परत लावायचे १,९५०, छताचे २८०. उरलेले २५० का कापले, तर दुसऱ्यांदा आम्ही जास्त भारीच्या टाइल्स निवडल्या होत्या. जज म्हणाले, काम नीट झालं असतं तर तुम्ही जिथे असता तिथे तुम्हाला आणून ठेवायचं, त्याच्या पुढे नाही. मनस्तापाचे पैसे या दाव्यात मी धरलेच नव्हते, आणि २५० कापले तेव्हा वाईट वाटलं तरी आता ते मला पटतं. तसंच नुकसान वाढू नये म्हणून आपणही हातपाय हलवायचे असतात, आम्ही शॉवर लगेच बंद केला होता त्याची त्यांनी नोंद घेतली. दोन्ही फिया परत मिळाल्या. स्मॉल क्लेम्समध्ये वकिलाची फी सहसा समोरच्याकडून मिळत नाही, म्हणून वकील न लावणंच परवडतं, आणि हरलो तरी समोरच्याच्या वकिलाचं बिल शक्यतो आपल्या बोडक्यावर येत नाही. दहा हजार पौंडांपर्यंत हे असं आहे.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही! वसुली आपणच मागे लागून करायची, बेलिफ पाठवायचे तर पुन्हा फी. आमच्या माणसाने १४ दिवसांत दिले नाहीत, २८ व्या दिवशी दिले, कारण महिन्याच्या आत भरले तर निकालाची नोंद पैशांच्या निकालांच्या सार्वजनिक रजिस्टरमधून निघते, नाहीतर ६ वर्षं राहते आणि कर्ज मिळताना आडवी येते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो तारखेची वाट आणि वसुलीसाठी. कुणाला पत्राचा नमुना हवा असेल तर सांगा, नावं काढून देते, आणि ओल दिसली की त्याच दिवशी फोटो काढा, पुसायच्या आधी.