नामिबिया की बोत्स्वाना?

मावसभाऊ आणि वहिनी अडकलेत: वाळवंटही हवं, प्राणीही, आणि सुट्टी दहाच दिवस.

खर्चात नामिबिया परवडतो. भाड्याची गाडी स्वतः चालवायची, आपल्यासारखीच डावीकडून. रस्ते मात्र खडीचे, अंतरं लांब. दोन स्टेपन्या मागून घ्याच. बोत्स्वानाचं धोरणच मोजके पण महागडे पर्यटक असं. तिथल्या ओकावांगो नदीच्या पाणथळ प्रदेशातल्या, आतल्या कॅम्पवर बहुधा छोट्या विमानानेच जावं लागतं.

वाळवंटात नामिबियातल्या डेडव्लेला तोड नाही: पांढऱ्या मातीत शेकडो वर्षं वाळून उभी काळी झाडं, मागे तांबड्या वाळूचा डोंगर. तिथल्याच एतोशा राष्ट्रीय उद्यानात, ओकाउकुएजो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्री दिव्यांच्या उजेडात गेंडे येतात. बाकावर गप्प बसून राहायचं. ओकावांगोत मोकोरो होडीतून, पाण्याच्या पातळीवरून हत्ती दिसतो.

ड्रायव्हिंगची हौस असेल तर नामिबिया. पैशाची सोय असेल आणि प्राणीच मुख्य असतील तर बोत्स्वाना. या दोघांना मी नामिबियाच सांगितलंय.