शॉर्ट शिफ्टरच्या नावाखाली कापलेला दांडा

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आल्यावर मी १९९१ सालची माझदा मियाटा घेतली, ती केवळ तिच्या पाच गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी. गाडी तिशी ओलांडलेली, त्यामुळे गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये सैल हलत असे आणि दुसरा गिअर चाचपडत शोधावा लागे. जुन्या जपानी गाड्यांची कामे करणाऱ्या एका गॅरेजच्या मालकाने यावर शॉर्ट शिफ्टर, म्हणजे हाताच्या कमी हालचालीत गिअर बदलणारा दांडा, हाच उपाय असल्याचे ठामपणे सांगितले. सामान व मजुरी मिळून ४२० डॉलर, आणि रोख दिल्यास कर नाही. ही सवलत ऐकताच मी तिथून उठायला हवे होते.

दोन दिवसांनी गाडी मिळाली तेव्हा दांडा खरोखरच ठेंगणा दिसत होता आणि हाताची हालचालही कमी झाली होती. मूठ तेवढी किंचित डावीकडे कललेली होती, पण तिकडे मी काणाडोळा केला. पुढे केबिनमध्ये गिअर ऑइलचा उग्र वास येऊ लागला, दांड्याभोवतीचा भाग तापू लागला, आणि सैलपणा तर जसाच्या तसा होता.

अखेर एका शनिवारी मी स्वतः कन्सोल उघडले. दांड्याभोवतीच्या मोठ्या रबरी बुटाखालचे, म्हणजे आवरणाखालचे, लहान बूट फाटलेले होते. तीन बोल्ट सोडवून दांडा वर ओढला, तर त्याच्या खालच्या टोकावरच्या प्लॅस्टिक बुशचे, म्हणजे टोपणासारख्या अस्तराचे, पिवळे तुकडे हाती आले. हे टोक ज्या कप्प्यात असते त्याला गिअरबॉक्सपासून वेगळे, जेमतेम एका कटिंग चहाएवढे तेल लागते; तिथे नुसता काळा चिकटा उरला होता. दांडा माझ्याच गाडीचा होता. तो वरून करवतीने कापून नवे आटे पाडलेले होते, तेही तिरके, आणि जुनाट गंजक्या लोखंडावर ते लख्ख चमकत होते.

दांडा ज्या गोळ्यावर टेकून फिरतो, त्या गोळ्याखालचा भाग अस्सल शॉर्ट शिफ्टरमध्ये लांब असतो, त्यामुळे तरफेचे प्रमाण बदलून दांडा कमी कोनातून फिरतो, अर्थात जोर थोडा जास्त लागतो. वरून कापलेल्या दांड्याचा कोन तोच राहतो. मूठ गोळ्याच्या जवळ आल्याने फक्त हाताचे अंतर घटते. गोळ्यापासून खालच्या टोकापर्यंतचे माप मी मित्राच्या मियाटाच्या मूळ दांड्याशी ताडून पाहिले, तर तसूभरही फरक नव्हता.

जाब विचारल्यावर मालक म्हणाला, की ही त्यांची खास पद्धत आहे. पावतीवर ‘शिफ्टर’ एवढा एकच शब्द होता. ना कंपनी, ना पार्ट नंबर. वास्तविक इथल्या कायद्यानुसार गॅरेजने कामाआधी लेखी अंदाजपत्रक द्यायचे असते, बिलात सुटे भाग व मजुरी वेगळी दाखवायची असते, आणि काम देतानाच मागितल्यास बदललेले जुने भाग ग्राहकाला परत करायचे असतात. मी जुना दांडा आधीच मागून ठेवला असता, तर द्यायला त्याच्यापाशी दुसरा दांडाच नव्हता आणि बिंग तिथेच फुटले असते. राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे तक्रार करण्याचे नाव काढताच २०० डॉलर परत मिळाले. उरलेले पाण्यात गेले.

त्यानंतर भंगारातून मूळ दांडा आणला. नवे बुश, दोन्ही बुटे आणि ताजे तेल धरून सारा खर्च ८० डॉलरच्या आत आटोपला. दुसरा गिअर आता दोन बोटांनी पडतो. शॉर्ट शिफ्टर मी बसवलाच नाही.