शिक्का मरीन प्लायचा, माल साध्या प्लायचा

टेम्पो ट्रॅव्हलरचे कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीत, रूपांतर करणाऱ्यांची संख्या आपल्या भागात वाढते आहे आणि आतील कपाटांची डागडुजी अनेकजण स्वतःच करतात, म्हणून कोल्हापुरात माझी झालेली फसवणूक तपशिलासह मांडणे मला आवश्यक वाटते.

आमच्या व्हॅनमधील सिंकखालचे कपाट आणि त्यावरील दोन कप्पे नव्याने करायचे होते. गगनबावडा, आंबोली, राधानगरी या पावसाच्या पट्ट्यात गाडी सतत फिरते आणि बंद गाडीत रात्रभर श्वासाची वाफ पत्र्यावर साचते, त्यामुळे मला आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लायच, म्हणजे पाण्यात थर न सुटणारा प्लायवूडच, हवा होता आणि शहरातील एका दुकानात मी तो नाव घेऊन मागितला. दुकानदाराने आठ बाय चारच्या 12 मिलिमीटर जाडीच्या शीटवरचा '710' हा ठळक शिक्का दाखवला आणि म्हणाला, "साहेब, गाडी पुरात उभी केलीसा तरी ह्यो प्लाय उकलायचा न्हाई." दर अर्थातच मरीन प्लायचा घेतला. बिलावर मात्र फक्त 'प्लाय 12 मिमी' असे छापून आले. मानक क्रमांक लिहून द्या असे सांगितल्यावर कॉम्प्युटरमध्ये तेवढेच येते, असे उत्तर मिळाले.

पहिल्याच पावसाळ्यात कपाटाचा तळ फुगला. कडेचे थर सुटले आणि घाटातील हादऱ्यांनी बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेर आले. स्क्रू थरांनाच धरून राहतो, आणि थर सुटले की चालत्या गाडीत दार उघडून आतील भांडी अंगावर येतात, त्यामुळे हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. उरलेल्या शीटचा एक तुकडा मी पाण्यात उकळला, तर तासाभरातच त्याचे थर पत्त्यांसारखे वेगळे झाले. आयएस 710 च्या प्लायचा चिकटा, म्हणजे थर जोडणारा गोंद, 72 तास उकळूनही टिकला पाहिजे. तो फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा असतो, तर आयएस 303 या मानकातील एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) दर्जाच्या साध्या प्लायमध्ये सहसा युरिया फॉर्मल्डिहाइड वापरतात आणि ते उकळत्या पाण्यात तग धरत नाही. फिनॉलच्या चिकट्याची रेषा गडद तांबूस दिसते खरी, परंतु साध्या चिकट्यात रंग मिसळूनही तशी रेषा आणता येते, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये.

खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. माझ्या शीटवर परवाना क्रमांक नव्हताच. तो असल्यास भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून परवाना कोणाचा आणि कोणत्या मालासाठी आहे हे दुकानात उभे राहूनच पाहता येते. त्यानंतरही बिलावर मानक, दर्जा आणि जाडी लिहून घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत, कारण शिक्का कापलेल्या तुकड्याबरोबर निघून जातो, बिल राहते.

बिजागऱ्यांबाबतही तेच घडले. '304 स्टील', म्हणजे सहजी न गंजणारे स्टेनलेस स्टील, म्हणून घेतलेल्या बिजागऱ्या तांबेरल्या. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे 304, हा दुकानात ऐकू येणारा दाखला ग्राह्य धरू नये, कारण स्वस्त 202 स्टीललाही तो सहसा चिकटत नाही. कोल्हापूर हे फाउंड्रीचे गाव असल्याने धातूचे घटक तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा येथे सहज सापडतात, आणि मोठी खरेदी असेल तर एक नमुना तपासून घेणे परवडते.

दुकानदाराने आधी "तुम्हीच पाणी घातले असेल" असा पवित्रा घेतला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर त्याने प्लायची रक्कम परत केली, परंतु सनमायका, मजुरी आणि बिजागऱ्यांचे पैसे नाकारले. त्या उरलेल्या नुकसानीसाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. ज्यांचा माल असाच निघाला असेल त्यांनी शिक्का असलेला तुकडा, सुटलेल्या थरांची छायाचित्रे आणि बिल एकत्र जपून ठेवावे, आणि दुकानदाराने तुकडा 'कंपनीला दाखवायला' मागितला तरी लेखी पोच मिळाल्याशिवाय तो हातचा सोडू नये.