जुना फोन विकायचा: भेटून की साइटमार्फत?

माझं मत आधीच सांगते: घ्यायची-द्यायची वस्तू ठाणे-नवी मुंबईतली असेल, तर भेटूनच.

गेल्या वर्षी आम्ही ऐरोलीतून वॉशिंग मशीन विकायला काढलं. अर्ध्या तासात फोन आला: "मी सैन्यात आहे, बदली झालीय, आत्ताच ॲडव्हान्स पाठवतो." पाठोपाठ क्यूआर कोड. आईंनी स्कॅन केला, पिन टाकायला बोट टेकवलं आणि मी फोन ओढूनच घेतला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं.

भेटून व्यवहारात हा खेळ चालत नाही. वाशी स्टेशनसारखी वर्दळीची जागा, दिवसाची वेळ. फोन घेणाऱ्याने *#06# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बिलाशी ताडून पाहावा. विकणाऱ्याने समोरच्याचा स्क्रीनशॉट किंवा आलेला मेसेज खरा धरू नये, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसेपर्यंत वस्तू हातची सोडू नये.

साइटमार्फत घ्यायचं तर अशीच निवडा, जी माल पोचेपर्यंत पैसे स्वतःकडे ठेवते. लांबच्या गिऱ्हाइकासाठी हेच बरं. पॅकिंगचा आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ मात्र दोघांनी काढावाच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. पण "साइटबाहेर पैसे द्या, स्वस्तात देतो" याला भुललात की ते संरक्षण गेलंच.

पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात.