मंडई ते पिंपरी आणि मंडई ते डेक्कन : पुणे मेट्रोच्या नियमित वापरानंतर

पुणे मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा 29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाला आणि तेव्हापासून नोकरीनिमित्त पिंपरीला जाण्यासाठी मी मंडई स्थानकाचा नियमित वापर करीत आहे. हा अनुभव पेठेत राहणाऱ्या प्रवाशाचा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

पिंपरीच्या प्रवासाबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. मंडईला बसल्यावर गाडी न बदलता, मुठेच्या पात्राखालून जाऊन थेट पिंपरी-चिंचवड महापालिकेपर्यंत पोहोचता येते. भर पावसात रेनकोट चढवून दुचाकीवर खडकी-दापोडीच्या कोंडीत अडकणे संपले, हा लाभ लहान नाही. गणेशोत्सवात मात्र मंडई आणि कसबा पेठ या दोन्ही स्थानकांत पाय ठेवायला जागा नसते, हे गृहीत धरूनच निघावे.

डेक्कनला जायचे असेल तर चित्र बदलते. मंडईहून आधी उत्तरेला जिल्हा न्यायालयापर्यंत जायचे, तेथे जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर असलेल्या फलाटावरून एकामागून एक सरकते जिने चढत उन्नत मार्गावर यायचे, दुसऱ्या गाडीची वाट पाहायची आणि महापालिका व संभाजी उद्यान ही स्थानके ओलांडून पुन्हा नदीकाठी परतायचे, असा हा द्राविडी प्राणायाम आहे. गुडघे शाबूत असतील तर लक्ष्मी रस्त्याने चालत जाऊन नदी ओलांडणारा बहुधा आधी पोहोचतो.

म्हणूनच पेठेतल्या माणसाला नदीवरचा पूल मेट्रोइतकाच महत्त्वाचा वाटतो. बाबा भिडे पूल इतका ठेंगणा आहे की खडकवासल्यातून विसर्ग वाढला की तो पाण्याखाली जातो. नारायण पेठ आणि डेक्कन स्थानक यांना जोडणाऱ्या मेट्रोच्या पादचारी पुलाच्या कामासाठी 2025 मध्ये तो वाहतुकीला बंद ठेवण्यात आला, तेव्हा रोजच्या दुचाकींचा सगळा भार इतर पुलांवर आला आणि पायी जाणाऱ्यांचेही हाल झाले. तरीही हा त्रास सार्थकी लागणारा आहे, असे माझे मत आहे. वाहनांशी अंग न घासता नदी ओलांडता येणे, ही सोय आमच्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या भव्य स्थानकापेक्षा अधिक कामाची आहे.

रस्त्यांची बाब मात्र निराशाजनक आहे. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, तेथे बाकांवर बसलेली माणसे दिसतात. (सायकल मार्गावर दुचाकी उभ्या असतात, तो भाग वेगळा.) मंडई स्थानकाच्या गुळगुळीत फरशीवरून बाहेर पडले की मात्र काही पावलांतच भाजीच्या पाण्याने ओला झालेला रस्ता, हातगाड्या, आडव्या लावलेल्या दुचाकी आणि रस्त्यापेक्षा बोटभर वर आलेले चेंबरचे झाकण समोर येते; पिशवी घेतलेल्या वृद्ध प्रवाशाला त्या झाकणाला वळसा घालण्यासाठी थेट रिक्षांच्या वाटेत उतरावे लागते. महापालिकेने 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा केला, तेव्हा हाच परिसर चालण्याजोगा होऊ शकतो हे दिसले होते. एरवी तेथे पदपथावरून सलग चालणे अवघडच असते.

पिंपरी, स्वारगेट किंवा शिवाजीनगरला जाणाऱ्याने मेट्रो निःशंकपणे वापरावी. शनिवार-रविवारी तिकिटात 30 टक्के सवलतही मिळते. तरी रविवारी डेक्कनला मी पायीच जातो.