बाप शोधायचा, लेकरू शोधायचं की पाणी? प्रलयानंतरच्या गेममधून कोणता घ्यावा

मालिका बघून झाली, सेल लागला, यादीत सहा-सात नावं आहेत आणि खिशात पैसे एकाच गेमचे. २०२४ मध्ये फॉलआउट या गेमवरची मालिका प्राइमवर आली तेव्हापासून जळगाव-भुसावळकडची पोरं मला हाच प्रश्न विचारतात. बहुतेकांना ग्राफिक्स आणि बंदुकांबद्दल ऐकायचं असतं. मी उलट विचारतो, त्या उजाड जगात तुला कोण म्हणून उतरायचंय?

आपल्याकडे अनोळखी पोरगा गावात शिरला की पारावर बसलेलं म्हातारं माणूस पहिलं विचारतं, "कोना पोऱ्या शे रे तू?" नाव-काम सगळं नंतर. प्रलयानंतरचे रोलप्लेइंग गेमही, म्हणजे ज्यात एखादं पात्र होऊन जगायचं ते गेम, पहिल्या अर्ध्या तासात तेच विचारतात. काही गेम उत्तर स्वतःच देऊन मोकळे होतात, काही ते तुमच्यावर सोडतात. त्यामागून दुसरा प्रश्न येतो, निघालास कुठे? आणि तिसरा, जो गेम बनवणारेही विसरतात: घाई आहे का? पूर्वकथा कितीही रडवणारी असली तरी या तिसऱ्या प्रश्नाशी तिचा मेळ बसला नाही, तर दहाव्या तासाला खेळणारा स्वतःच्याच पात्रावर विश्वास ठेवत नाही. खालची तुलना मी याच काट्यावर केली आहे.

सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करतो, कारण हे गणित त्यानेच सगळ्यात चोख सोडवलं. फॉलआउट, १९९७. अणुयुद्धानंतर लोक जमिनीखालच्या व्हॉल्टमध्ये राहतायत. व्हॉल्ट १३ मधली पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची चिप जळते. तुम्हाला बाहेर काढतात आणि सांगतात, दीडशे दिवसांत नवी चिप आण. आईबाप कोण, बालपण कसं गेलं, यातलं काही नाही. गुहेच्या तोंडाशी एक सांगाडा पडलेला दिसतो. तुमच्याआधी पाठवलेला एड तो. पूर्वकथा म्हणून एवढंच मिळतं, आणि मला ते पुरतं.

खानदेशात या हेतूला प्रस्तावना लागत नाही. एप्रिल-मेमध्ये ज्या घरात नळ कधी येणार यावर धुणं आणि पाहुणे ठरतात, तिथल्या माणसाला 'पाणी संपतंय, निघ' एवढं वाक्य बास होतं. शिवाय इथे घाई खरी आहे. दिवस मोजले जातात, नकाशावर लांब चाललात की महिना कधी सरला कळत नाही, मुदत टळली की खेळ खलास. हब नावाच्या गावातल्या पाणी व्यापाऱ्यांना पैसे देऊन व्हॉल्टकडे पाणी पाठवता येतं आणि शंभर दिवस जास्तीचे मिळतात. म्हणजे टँकर लावायचा, दुसरं काय! पुढे चिप सापडते ती नेक्रोपोलिसमध्ये, तिथल्या लोकांच्याच पाण्याच्या यंत्रणेत. त्यांचा पंप दुरुस्त न करता चिप काढून नेली तर ते तहानेने मरतात. आपल्या गावाचं पाणी की त्यांच्या, हा पेच गेम भाषण न देता तुमच्यासमोर ठेवतो. इतक्या वर्षांनंतरही या जातीच्या गेममध्ये मला याहून चांगला हेतू सापडलेला नाही.

तोटे सांगायलाच हवेत. चित्र जुनं, लढाई पाळीपाळीने, मेनू किचकट. आपोआप सेव्ह होत नाही, आणि आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, तेव्हा दर दहा मिनिटांनी हाताने सेव्ह करा. जमेची बाजू म्हणजे डिस्कवर एक जीबीसुद्धा लागत नाही. घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

त्याचा दुसरा भाग १९९८ चा. अरोयो हे दुष्काळात सापडलेलं गाव, आणि जमीन पुन्हा पिकवणारी 'गेक' नावाची पेटी शोधायला निघालेले तुम्ही, पहिल्या नायकाचे वंशज. इथे दिवसांची मुदत जवळपास जाचत नाही. त्याऐवजी गावचा वैदू हकुनिन स्वप्नात येऊन गावाचे हाल सांगतो. युक्ती छान आहे. पण गेम इतका पसरट आणि थट्टेखोर, की मधल्या काळात गाव मनातून उतरतंच.

आता ज्या दोघांत लोक सगळ्यात जास्त अडकतात ते घेऊ, फॉलआउट ३ (२००८) आणि फॉलआउट ४ (२०१५). एकाच कंपनीचे, आणि हेतू एकमेकांच्या उलट. तिसऱ्यात लेकरू बापाला शोधतं, चौथ्यात आईबाप लेकराला.

तिसरा गेम तुम्हाला अक्षरशः जन्माला घालतो. पडद्यावर प्रसूतिगृह, बाप विचारतो मुलगा की मुलगी, आई तिथेच जाते. मग रांगणं, दहावा वाढदिवस, सोळाव्या वर्षी गोट नावाची परीक्षा, जी तुम्ही पुढे काय होणार ते ठरवते (आपल्याकडे हे काम नातेवाईक फुकटात करतात). एकोणिसाव्या वर्षी एका सकाळी कळतं की बाप व्हॉल्ट सोडून गेलाय. बापाला आवाज लियाम नीसनचा. हा तासभराचा भाग पहिल्यांदा खेळताना विलक्षण वाटतो, आणि दुसऱ्यांदा तितकाच कंटाळवाणा. पण मुद्दा वेगळा आहे. हरवलेला माणूस मोठा आहे, स्वतःच्या मर्जीने गेलाय, त्याचं त्याला पाहता येतं. त्यामुळे वाटेत तुम्ही एखाद्या पडक्या शाळेत शिरलात, मेगाटन गावातल्या न फुटलेल्या बॉम्बचं काय करायचं यात दोन दिवस घातलेत, तर ते खोटं वाटत नाही. बाप सोडून गेल्यावर एकोणीस वर्षांचं पोर असंच भटकणार. आणि मेगाटन तुम्ही उडवून दिलं असेल, तर पुढे भेटल्यावर बाप त्याबद्दल सुनावतो. आपण केलेल्या गोष्टीबद्दल घरातलं कोणी विचारतं, हे फॉलआउटच्या गेममध्ये फार क्वचित घडतं.

चौथ्यात २३ ऑक्टोबर २०७७ ची सकाळ. तुम्ही नेट हा माजी सैनिक किंवा नोरा ही कायदा शिकलेली बाई. घर, जोडीदार, पाळण्यात शॉन नावाचं तान्हं बाळ. बॉम्ब पडतात, व्हॉल्ट १११ मध्ये तुम्हाला गोठवलं जातं, मध्येच अर्धवट जाग येते तेव्हा डोळ्यांसमोर जोडीदाराला गोळी घालतात आणि बाळ उचलून नेतात. पुढचं रहस्य फोडत नाही.

कागदावर याहून तीव्र हेतू नाही. गेममध्ये तो पहिल्या दोन तासांत ढासळतो. बाळ पळवलेलं आहे, आणि गेम तुमच्या हातात विटा, पत्रे, खाटा देऊन म्हणतो, वस्ती वसव, मका लाव, पाण्याचा पंप बसव. प्रेस्टन नावाचा माणूस पुनःपुन्हा येऊन अमक्या वस्तीला मदत हवी म्हणतो. ते काम मजेचं आहे, अगदी व्यसन लागण्याइतकं. पण ज्याचं लेकरू नेलंय तो माणूस झेंडूच्या वाफ्याला कुंपण घालत बसेल का? घड्याळ कुठेच नाही. शॉन तीन दिवसांनी शोधा की तीन वर्षांनी, फरक शून्य. हेतू एवढा जड, आणि घाई अजिबात नाही. त्यामुळे प्रत्येक उपकथा खेळणाऱ्यालाच दोषी ठरवते.

त्यात पात्राला आवाज दिला आणि संवादाचे पर्याय चारच ठेवले, तेही दोन-तीन शब्दांत. आपण एक समजून निवडावं आणि पात्र भलतंच बोलावं असं होतं. संगणकावर पूर्ण वाक्य दाखवणारा मॉड (चाहत्यांनी केलेला बदल) मिळतो, तो आधी टाका. तुम्हाला लुटारू, वेडा, साधू असं काही व्हायचं असेल तर हा गेम नाही. इथे तुम्ही मध्यमवर्गीय पालकच आहात. बांधकाम मात्र याच्याएवढं बाकी कोणात नाही. ज्याला वस्ती वसवण्याचीच हौस आहे त्याने शॉनला विसरून खुशाल घ्यावा, मी टोकणार नाही.

फॉलआउट: न्यू व्हेगास (२०१०, ऑब्सिडियन कंपनीचा) हा माझा पक्षपात आहे, आधीच सांगतो. तुम्ही कुरिअर. पार्सल पोचवताना चौकटीच्या कोटातला एक माणूस डोक्यात गोळी घालून तुम्हाला स्मशानात पुरतो. एक रोबो उकरून काढतो, गुडस्प्रिंग्जचा डॉक्टर वाचवतो, आणि त्याच्याच घरात बसून तुम्ही पात्र घडवता. कोणाचा कोण, हे गेम विचारत नाही. तुमच्याबद्दल त्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक: कोणीतरी तुम्हाला मारायला बघितलं. सूड घ्यायचा, पार्सल परत मिळवायचं, की नुसतं 'का?' विचारायचं, ते तुमच्यावर.

यात घाईचं गणित कसं बसतं पाहा. मारेकरी पळून आरामात व्हेगासमध्ये बसलाय, कोणाचा जीव टांगणीला नाही, त्यामुळे वाटेत रेंगाळायला हरकत नसते. वाटही अशी आखलीय की रेंगाळणं हाच शोध होतो. उत्तरेचा थेट रस्ता डेथक्लॉ नावाच्या राक्षसी जनावरांनी अडवलेला, म्हणून प्रिम, निप्टन, नोव्हॅक असा मोठा वळसा, आणि त्या वळशावर प्रत्येक ठिकाणी त्या कोटवाल्याचा माग लागतो. त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तुम्हाला आख्खा मुलूख आणि त्यातली भांडणं कळलेली असतात. मग वैयक्तिक सूड मागे पडतो आणि खरा प्रश्न उभा राहतो: हूव्हर धरण कोणाचं? न्यू कॅलिफोर्निया गणराज्याचं, सीझरच्या फौजेचं, व्हेगासचा मालक मिस्टर हाउसचं, की कोणाचंच नाही? धरणाचं पाणी आणि वीज कोण नेणार, हे आपल्याला परकं नाही. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा-अक्राणीकडची गावं सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. त्या बाजूचा एखादा पोरगा हा गेम खेळताना गणराज्याच्या अधिकाऱ्याची गोड भाषा माझ्यापेक्षा लवकर ओळखेल.

एक खोट आहे. २०११ मध्ये आलेली 'लोन्सम रोड' ही जोडकथा तुमच्या कोऱ्या भूतकाळात स्वतःच लिहिते: पूर्वी तुम्ही पोचवलेल्या एका पार्सलमुळे एक वस्ती उद्ध्वस्त झाली. लिखाण दमदार आहे. पण पन्नास तास मी मनात वेगळा माणूस रंगवला, आणि आता कोणी युलिसिस येऊन सांगतो की तू तो नव्हेसच. कोरी पाटी देऊन मग त्यावर लिहिणं मला पटलं नाही. काहींना तोच भाग सगळ्यात आवडतो.

होरायझन झीरो डॉन (२०१७ प्लेस्टेशनवर, २०२० संगणकावर) दुसऱ्या टोकाला उभा आहे. नाव, चेहरा, स्वभाव, सगळं ठरलेलं. एलॉय ही जन्मापासून टोळीबाहेर टाकलेली पोर. आई नाही, वाढवणारा रॉस्टही बहिष्कृत. टोळीतली माणसं तिच्याशी बोलतही नाहीत. पारावरच्या म्हाताऱ्याचा प्रश्न तिला स्वतःलाच पडलेला आहे, आणि उत्तर मिळावं म्हणून ती टोळीची परीक्षा देते. हुशारी अशी की 'माझी आई कोण' आणि 'जुनं जग कसं संपलं' या दोन प्रश्नांचं उत्तर एकाच दाराआड आहे. त्यामुळे भटकणं, अवशेष धुंडाळणं, जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणं, सगळं तिच्या शोधात मोडतं. निवडीचं स्वातंत्र्य मात्र नावापुरतं. संवादात मूठ, डोकं, काळीज अशा खुणा येतात, निवडीने गोष्ट फारशी हलत नाही. यातल्या एकाही गेममध्ये मराठी नाही. इंग्रजी भराभर वाचायचा कंटाळा असेल तर दृश्यांतून कथा सांगणारा हाच सोपा पडेल. नवी आवृत्ती डिस्कवर शंभर जीबीच्या पुढे जागा मागते, तेव्हा आधी हार्डडिस्क बघा, मग पैसे द्या.

उरलेले थोडक्यात. ॲटम आरपीजी (२०१८) म्हणजे सोव्हिएत भूमीवरचा जुना फॉलआउट. १९८६ मध्ये अणुयुद्ध झालं असं धरलंय, आणि तुम्ही ॲटम या गुप्त संघटनेचे उमेदवार, हरवलेल्या तुकडीच्या मागावर. सुरुवातीलाच लुटारू सगळं काढून घेतात, पूर्वकथा दोन ओळींची. लिखाण कमीजास्त आहे, पण फोनवरही खेळता येतो. वेस्टलँड ३ (२०२०) मध्ये एक माणूस नाही, तुकडी असते. सुरुवातीला जोडी निवडायची, बाप-लेक किंवा प्रेमात पडलेली दोघं वगैरे. हेतू कर्तव्याचा: कोलोराडोच्या पेट्रिआर्कची तीन मुलं पकडून द्या, तो तुमच्या ॲरिझोनाला मदत करील. म्हणजे पुन्हा लेकरं शोधणं, पण दुसऱ्याची, आणि तीही बिघडलेली. मित्रासोबत दोघांनी खेळायचं असेल तर यादीत हाच एक. केन्शी (२०१८) हेतूच देत नाही. काहींना ते स्वर्ग वाटतं, मला दुपारी तीनच्या उन्हात बिनकामाचं बाहेर सोडल्यासारखं वाटलं.

पैसे एकाचेच असतील तर न्यू व्हेगास घ्या. दहा-बारा जीबीत बसतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. मात्र अचानक बंद पडायची खोड त्याला आहे, म्हणून चाहत्यांनी बनवलेले दुरुस्ती-पॅच आधी घाला आणि वेगवेगळ्या नावांनी सेव्ह ठेवा. सुट्टी लांब असेल, जुनं चित्र खुपत नसेल, तर त्याच्याआधी पहिला फॉलआउट. सेलमध्ये तो इतका स्वस्त होतो की दोन्ही एका खिशात मावतात. बापाची गोष्ट हवी असेल तर तिसरा, पण 'ब्रोकन स्टील' या जोडकथेसह असलेलाच. तिच्याशिवाय मुख्य कथा संपली की गेमच संपतो. कथा बघायचीय, निवडायची नाही, त्याला होरायझन. आणि न्यू व्हेगास जोडकथांसह घेतलात, तर 'लोन्सम रोड'चं दार नकाशावर दिसेल तेव्हा लगेच आत जाऊ नका. ती सगळ्यात शेवटी, धरणावर जायच्या आधी खेळा.