साप न्यायचा बॉक्स: पाच महिने वापरून, एका क्लिपवरून

बॉक्स 2,850 रुपयांचा. त्याची क्लिप पाच रुपयांचीही नसेल. आणि सगळा खेळ त्या क्लिपवर. आता सविस्तर रडतो.

एप्रिलमध्ये बेंगळुरूचं बिऱ्हाड हलवून सांगलीला परत आलो. सामान ट्रकनं, चकली माझ्याबरोबर कारनं. चकली म्हणजे आमची बॉल पायथन, दीड किलोच्या आतबाहेर. वेटोळं घालून बसली की नाव असं का, ते कुणाला सांगावं लागत नाही. ही आफ्रिकेतली जात, आपल्याकडचा अजगर नव्हे. आपला अजगर, नाग, धामण यांतलं काहीही घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही आणि हिचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. 2024 चे नियम आल्यावर ती करून टाकली होती. तिची प्रिंट डॅशबोर्डच्या कप्प्यात होती. कोगनोळीच्या सीमानाक्यावर कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही. प्रिंटचे दहा रुपये वाया.

पॅकर्सचा माणूस म्हणाला होता, "डब्यात घालून द्या की, ट्रकमधून नेतो." बंद ट्रक, एप्रिलचं ऊन. सापाला स्वतःचं अंग गार ठेवता येत नाही, बाहेर जेवढं तेवढंच आत. पस्तीसच्या वर काही वेळ गेला तरी जिवावर बेततं. म्हणून हा बॉक्स घेतला. दुहेरी भिंतीचा, झाकणात थर्मामीटर बसवलेला, निळ्या झाकणाचा. 

घेतला त्याच दिवशी एक गोष्ट खटकली. हवेची भोकं बाहेरून आत पाडलेली, त्यामुळे खरखरीत कड आतल्या बाजूला. साप जिथून हवा येते तिथे तासन्‌तास नाक घासतो, नाकाचं सालटं निघतं. पॉलिश पेपर घेऊन एकेक भोक घासलं. सोळा भोकं. एवढ्या किमतीत हे काम माझ्याकडे कसं आलं, हे कंपनीलाच ठाऊक.

निघायच्या आधी सात दिवस खायला दिलं नव्हतं. पोटात उंदीर असताना गाडीत हेलकावे बसले तर ओकून टाकतात आणि ते सापाला फार महागात पडतं. पाण्याची वाटी आत ठेवली नाही. आईच्या जुन्या उशीचा अभ्रा उलटा केला, म्हणजे शिवणीचे धागे बाहेर राहिले, दातात-खवल्यात अडकायला नकोत. चकली आत, अभ्र्याचं तोंड पिळलं, दुमडलं, वर गाठ. तो अभ्रा बॉक्समध्ये, भोवती चुरगाळलेले पेपर, की ब्रेक मारला तरी गाठोडं घसरू नये. बॉक्स मागच्या सीटखाली पायाशी, एसी 25 वर पण झोत तिकडे नाही. पहाटे चारला निघालो. मी आणि आई जेवलो ते पाळीपाळीनं, एकजण कायम गाडीत.

तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव. थर्मामीटर 27 ते 29 च्या मध्येच. मी इतका खूश की हुबळीला चहा पिताना मनात पाच स्टार देऊन मोकळा झालो होतो.

निपाणीला ऊन त्या बाजूला आलं म्हणून बॉक्स उचलून दुसरीकडे ठेवायला गेलो. फक्त उचलला. कट्ट. डावीकडची क्लिप तुटून सीटखाली गेली, झाकण एका बाजूनं वर आलं. आत अभ्रा होता म्हणून मी आज हे लिहितोय. गाठ जागच्या जागी आणि आत चकली निवांत. नुसता बॉक्स असता तर ती डॅशबोर्डमागे शिरली असती आणि मग पूर्ण डॅशबोर्ड खोलायची वेळ. नंतर क्लिप हातात धरून बघितली. बिजागरीच्या जागी प्लास्टिक दुमडून दुमडून पांढरी रेघ पडली होती, बरोबर तिथंच तुटली. हँडल झाकणाला आहे, म्हणजे उचललं की अख्खा भार दोन क्लिपांवर. हे डिझाइन ज्यानं केलं त्यानं जेवणाचा डबा तरी कधी उचलला आहे का?

आईनं बॅगेतून परकराची नाडी काढली, बॉक्सला आडवी-उभी बांधली, कांदेपोह्याच्या प्लेटा परत केल्या आणि म्हणाली, "चल आता." कोल्हापूर, हातकणंगले, जयसिंगपूर करत सांगलीपर्यंत नाडीवर आलो.

मग तक्रार. "सर, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का?" नाही. "आत वजन किती होतं?" दीड किलो. जाहिरातीत पाच लिहिलंय. "सर, क्लिप सुटी मिळत नाही, अख्खं झाकण घ्यावं लागेल, 650, कुरिअर वेगळं." तीन आठवड्यांत चार माणसं बोलली आणि प्रत्येकाला निपाणीपासून पहिल्यापासून सांगितलं. शेवटच्यानं विचारलं, "पेट कोणता आहे सर, कॅट की डॉग?" मी फोन ठेवला. एक स्टार.

त्या रागात आणखी एक आळ बॉक्सवर घेतला होता, तो मागे घेतो. सांगलीला आल्यावर चकलीनं पाच आठवडे उंदराला तोंड लावलं नाही. मला वाटलं प्लास्टिकच्या वासानं, प्रवासात काहीतरी झालं. तसं काही नव्हतं. जागा बदलली की ही जात बऱ्याचदा उपास धरते, कधीकधी महिनोन्‌महिने धरते. पहिला आठवडा मी हात न लावता सोडलं, पुढे दर रविवारी वजन करत गेलो. पाच आठवड्यांत चाळीस ग्रॅम उतरली, बस्स. सहाव्या आठवड्यात खाल्लं. त्यात बॉक्सचा दोष नव्हता.

आणि मग ऑगस्ट. आम्ही गावभागात, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीत राहतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45, आणि 2019 ला पाणी 57 च्या वर गेलेलं ज्यांनी बघितलंय ते चाळिसाची वाट बघत बसत नाहीत. आकडा चढायला लागला तसं आम्ही विश्रामबागला मावशीकडे निघालो. अभ्रा, बॉक्स, नाडी. रिक्षात बॉक्स आईच्या मांडीवर. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "मावशी, एवढं जपून काय नेताय?"

"चकली आहे."

"पुरात बी फराळ! लई केल्यासा वाटतं."

आईनं मान हलवली, विषय संपला.

त्या रात्री मावशीकडे लाईट गेली. हीटिंग मॅट बंद, बाहेर गार वारा. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून अभ्र्याच्या शेजारी ठेवली, अंगाला चिकटून नाही, मध्ये टॉवेल. झाकण लावलं, नाडी बांधली. अकराला 28.4 होतं. पहाटे तीनला उठून बघितलं तर 27.6. खोलीत 23. चार तासांत एक डिग्रीसुद्धा उतरली नव्हती. एप्रिलमध्ये मी बॉक्सचं कौतुक करत होतो ते खरं तर गाडीच्या एसीचं होतं, हे तेव्हा कळलं. बॉक्सनं स्वतःच्या जोरावर काम केलं ते या रात्री. दुहेरी भिंत खोटी नाही, हे मान्य करावं लागेल. पिशवीतलं पाणी बदललं, सकाळी सातला परत 28.

तेव्हा स्टार एकावरून तीन. भिंतीचे चार, क्लिपचा शून्य, भोकांचा एक कापला, आणि थर्मामीटरचे सेल दोन महिन्यांत संपतात त्याचं मनात धरून आहे. पुन्हा घेईन का? नाही. थर्माकोलची पेटी शंभर-दीडशेला मिळते, वर घरातलाच जुना अभ्रा. पण आता घेतलाय तर फेकवतही नाही.

झाकण मागवलं नाही. 650 रुपयांत परकराच्या किती नाड्या येतील याचा हिशोब आईनं लगेच करून दाखवला होता. कंपनीकडून दर महिन्याला मेसेज येतो, "तुमचा अनुभव कसा होता?"

उजवीकडची क्लिप अजून शाबूत आहे. काल पुसताना बघितलं, बिजागरीपाशी पांढरी रेघ यायला लागलीय. आईनं दुसरी नाडी काढून ठेवलीय.